पाच इंच गेजच्या (रुळांत पाच इंच अंतर) वाफेच्या मॉडेल इंजिनाला कोणता व्हॉल्व्ह गिअर (सिलिंडरला वाफ कधी द्यायची ते ठरवणारी दांड्यांची जोडणी) घ्यावा : स्टीफन्सन की वॉलशार्ट्स?

वॉलशार्ट्स. तुम्ही वायजी (भारतातलं मीटरगेजचं मालगाडीचं इंजिन) करताय, तिला मुळातच तो होता. वायजीला आतून स्टीफन्सन लावणं म्हणजे फेट्यावर हेल्मेट. शिवाय दोन सिलिंडरना चार एक्सेंट्रिक, म्हणजे व्हॉल्व्ह हलवणारी, केंद्र सोडून बसवलेली चाकं, तीही फ्रेमच्या आत अॅक्सलवर. तेल घालायला दर वेळी इंजिन आडवं करत बसाल.

पण मी लिहायला बसलो ते तुमच्या शेवटच्या ओळीमुळं. 'इंजिनिअर मित्र म्हणतात, छापील ड्रॉइंग आणून टर्नरला द्या, त्यात डोकं लावण्यासारखं काही नाही.' मी टर्नर आहे. कुपवाडला माझी लेथची शेड आहे. वडील मिरजेच्या लोको शेडला फिटर होते.

आमचे दाजी डिप्लोमावाले, साखर कारखान्यात इंजिनिअर. आम्ही दोघांनी मिळून हीच वायजी करायला घेतली. मीटरगेजचा आठवा भाग १२५ मिलिमीटर आणि पाच इंच म्हणजे १२७. या दोन मिलिमीटरवरून कुणी भांडणार नाही; दाजी महिनाभर भांडले. चाकाचं जमलं, चार फुटी चाक आठव्या हिश्शानं बरोबर सहा इंच येतं.

गिअरचं ड्रॉइंग दाजींनी आणलं. एका विलायती मॉडेलचं, स्लाइड व्हॉल्व्हचं, म्हणजे सपाट घसरणाऱ्या झडपेचं. सिलिंडर मात्र त्यांना पिस्टन व्हॉल्व्हचे (नळीत सरकणाऱ्या गोल झडपेचे) हवे होते, कारण खऱ्या इंजिनाला तसे असतात. गनमेटलचे ओतून आणले, मी बोअर करून दिले. ड्रॉइंगबद्दल एक शब्द विचारला तर म्हणाले, "तू मापं बघ, बाकी माझ्यावर सोड."

इंजिन ठोकळ्यांवर ठेवून कंप्रेसरची हवा दिली. दिशा बदलायचा लिव्हर पुढं ढकलला, चाकं मागं फिरली. दाजी म्हणाले, लिव्हर उलटा समजायचा. आणि पट्टीवर लाल रंगानं मागच्या टोकाला 'पुढे' आणि पुढच्या टोकाला 'मागे' असं स्वतः रंगवलं. तरी इंजिन लंगडतच होतं. लिव्हर टोकाला असला की कसंबसं धापा टाकत फिरायचं. मधल्या खाचेकडं आणला की आचका देऊन बंद. मग बहिणीसमोर, माझ्या शेडमधल्या दोन पोरांसमोर निकाल लागला, "भोकं ढगळ झालीत. हाताला सफाई नाही."

मी सगळे बुश (भोकांतल्या नळ्या) काढले, नवे घातले, रीमर फिरवला. पुन्हा तेच. दुसऱ्यांदा काढले. तोवर मलाही वाटायला लागलं होतं की हात गेला आपला.

वडील तेव्हा मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घरी बसलेले. चहा पिता पिता एवढंच म्हणाले, "व्हॉल्व्हला वाफ मधनं मिळते का टोकाकडनं?"

रात्री साडीच्या खोक्याचा पुठ्ठा कापला, टाचण्या लावून सगळ्या गिअरची नक्कल पाटावर ठोकली आणि हातानं फिरवली. पाच मिनिटांत दिसलं. स्लाइड व्हॉल्व्हला वाफ बाहेरच्या कडेनं आत शिरते, आमच्या पिस्टन व्हॉल्व्हला आतल्या कडेनं. म्हणजे व्हॉल्व्ह नेमका उलटा हलला पाहिजे. बाहेरनं वाफ घेणाऱ्याला कॉम्बिनेशन लिव्हरच्या (पिस्टनची हालचाल व्हॉल्व्हला देणारी उभी पट्टी) वरच्या टोकाला व्हॉल्व्हची दांडी आणि तिच्याखाली रेडियस रॉड (रिटर्न क्रँककडची हालचाल आणणारी दांडी). आतनं घेणाऱ्याला रेडियस रॉड वर, दांडी खाली. रिटर्न क्रँकही (चाकाच्या क्रँकपिनवरचा छोटा क्रँक) दुसऱ्या अंगाला वळवावा लागतो. आमचं दोन्ही उलटं. दाजींनी पाट्या बदलल्या तशी दिशा तेवढी जुळली, पण पिस्टन टोकाला गेल्यावर व्हॉल्व्ह पोर्ट (वाफ जायची फट) उघडायच्या ऐवजी भलतीकडंच सरकलेला. बुश शंभरदा बदलले असते तरी काय होणार होतं?

भोकांची मापंही नीट काढली. स्ट्रोक ७६ मिलिमीटर, लॅप (व्हॉल्व्ह मधोमध असताना पोर्टच्या कडेपलीकडं जेवढा जातो) ३, लीड (पिस्टन टोकाला असताना पोर्ट जेवढा उघडा असतो) ०.२. दोन्हींची बेरीज दुप्पट केली की ६.४. म्हणून रेडियस रॉड ते व्हॉल्व्हची दांडी हे अंतर एक धरलं तर रेडियस रॉड ते खालची पिन सुमारे बारा. वरच्या दोन भोकांत अर्ध्या मिलिमीटरची चूक झाली तरी लीड बोंबलते. दोन नवे लिव्हर केले, क्रँक फिरवले. संध्याकाळी इंजिन घड्याळासारखं चाललं.

दाजी बघून म्हणाले, "आता भोकं नीट पाडलीस बघ."

आता तुमच्या इंजिनिअर मित्रांसाठी. एगिद वॉलशार्ट्स हा बेल्जियमच्या रेल्वे वर्कशॉपमधला फोरमन. १८४४ सालच्या त्याच्या गिअरचं पेटंट दुसऱ्याच एका इंजिनिअरच्या नावानं निघालं. आणि ज्याला स्टीफन्सन म्हणतात तो १८४२ चा गिअरही स्टीफन्सनच्या कारखान्यातल्या दोघांचा, एक ड्राफ्ट्समन आणि एक पॅटर्न करणारा. डोकं लावण्यासारखं काही नाही म्हणे!

राहता राहिलं. जॉय गिअर हा तिसरा प्रकार, त्याच्या वाटेला जाऊ नका, कनेक्टिंग रॉडलाच मधोमध भोक पाडावं लागतं. सिलिंडर फ्रेमच्या आत असलेलं एखादं इंजिन पुढं कधी केलंत तर मात्र स्टीफन्सन बरा, असं दाजी म्हणतात, तेवढं त्यांचंही खरं. वॉलशार्ट्समध्ये लीड कायम राहते. स्टीफन्सनच्या नेहमीच्या जोडणीत कटऑफ (स्ट्रोकच्या जेवढ्या भागात वाफ आत येते तो) कमी करत गेलं की लीड वाढते, आणि काहींना वेगात तेच आवडतं. पहिलंच इंजिन असेल आणि हौस नुसती चालवायची असेल तर स्लिप एक्सेंट्रिकनंही (अॅक्सलवर सैल बसवलेली, दिशा बदलताना सरकणारी एक्सेंट्रिक) भागतं. उलट दिशेला न्यायचं तर इंजिन हातानं ढकलून द्यायचं, एवढंच.

आणि हे आधी लिहायला हवं होतं : शक्यतो स्लाइड व्हॉल्व्हच घ्या. झिजला तरी वाफेच्या दाबानं बसतो, सिलिंडरमध्ये पाणी साठलं तर उचलून वाट देतो. पिस्टन व्हॉल्व्ह तसली वाट देत नाही. ड्रेन कॉक (सिलिंडरमधलं पाणी काढायचा नळ) उघडायला विसरलात तर सिलिंडरचं झाकण उडेल.

सिलिंडर ओतून झाले असतील तर वाफ आतनं का बाहेरनं ते कळवा. तोवर कॉम्बिनेशन लिव्हरला ड्रिल लावू नका.