चुंबकाचा पट्टा गुडघ्यात किती खोल पोचतो?

प्रश्न : आईचं वय ६८, दोन्ही गुडघ्यांची झीज झाली आहे. प्रदर्शनातून तिच्यासाठी चुंबकाचा पट्टा आणला. खोक्यावर '४००० गॉस' असं छापलंय. बांधला की तिला बरं वाटतं, काढला की पुन्हा दुखतं. दिवसभर बांधून ठेवला तर चालेल का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : आईंना बरं वाटतंय यात शंका नाही. पण श्रेय चुंबकाचं की पट्ट्याचं, ते आधी पाहू.

गॉस हे चुंबकीय क्षेत्राची ताकद मोजण्याचं एकक. खोक्यावरचा आकडा बहुतेक वेळा चुंबक ज्या पदार्थाचं बनलंय त्याचा असतो, त्वचेपाशी मिळणाऱ्या क्षेत्राचा नव्हे. पट्ट्यांत साधारणपणे फेराइटच्या काळ्या चकत्या शिवलेल्या असतात. १० मि.मी. व्यासाची, ३ मि.मी. जाडीची एक चकती धरा. पदार्थाचा आकडा ३८०० गॉस असला तरी गणिताने तिच्या पृष्ठभागावर मिळतात सुमारे ९८० गॉस. मधे ३ मि.मी. कापड आलं की ४८०, एक सें.मी. अंतरावर ७५ आणि दोन सें.मी.वर जेमतेम १३. त्वचा, चरबी, स्नायुबंध ओलांडून सांध्यापर्यंत उरतं ते एवढंच. शेजारच्या चकत्या उत्तर-दक्षिण अशा आलटून पालटून बसवल्या असतील, तर त्या थोड्या अंतरावर एकमेकींना खोडतात आणि हेही आणखी घटतं.

घरीच बघा. पट्टा टेबलावर ठेवा, त्यावर दोन सें.मी. जाडीचं पुस्तक, पुस्तकावर चार टाचण्या. मग पट्टा खालून हळूहळू सरकवा. टाचण्या किती नाचतात ते दिसेलच.

'रक्तातलं लोह चुंबक ओढून घेतं, म्हणून रक्ताभिसरण वाढतं' असं विक्रेते सांगतात. हिमोग्लोबिनमधलं लोह खिळ्यातल्या लोखंडासारखं वागत नाही. प्राणवायू घेतलेलं हिमोग्लोबिन तर चुंबकापासून किंचित दूरच लोटलं जातं. एमआरआयच्या यंत्रात १५,००० गॉसमध्ये माणूस अर्धा तास पडून असतो. तिथून गुडघेदुखी घालवून कोणी बाहेर आल्याचं कानावर आलेलं नाही!

टाचदुखीसाठी चुंबकी सोल आणि तसेच दिसणारे बिनचुंबकी सोल यांची तुलना २००३ साली अमेरिकेत झाली. दोन्ही गटांच्या आरामात फरक आढळला नाही. २००७ साली कॅनडाच्या वैद्यकीय नियतकालिकात अशा अनेक चाचण्यांचा एकत्रित आढावा आला. वेदनेवर स्थिर (पट्ट्यातल्यासारख्या) चुंबकांना पुराव्याचा आधार नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. सांध्यांच्या झिजेबाबत मात्र पुरावा अपुरा म्हणून दार पूर्ण बंद केलं नव्हतं. या चाचण्यांत एक पंचाईत असतेच: पट्ट्याला किल्ली चिकटली की खरं चुंबक आपल्याकडे आहे, हे रुग्णाला कळतं.

आराम येतो तो बहुधा पट्ट्याची ऊब, दाब आणि आधार यांमुळे. तेवढं साध्या नी-कॅपमध्येही मिळतं, तेही बऱ्याच कमी पैशांत. पाय सरळ ठेवून वाटीच्या मध्यावरून घेर मोजा आणि त्या मापाची घ्या. पोटरी सुजली, मुंग्या आल्या तर ती तंग आहे. चालताना, जिना चढताना वापरा, झोपताना काढा. दिवसभर बांधून ठेवली तर त्वचा घामाने सोलवटते आणि मांडीचे स्नायू आयतोबा होतात.

खरं काम स्नायूंचं. खुर्चीत बसून एक पाय सरळ करा, पाच सेकंद धरा, सावकाश खाली आणा. दहा वेळा एक पाय, दहा वेळा दुसरा, दिवसातून तीनदा. पहिले आठ-दहा दिवस मांडी दुखेल. तिथेच बहुतेक जण सोडून देतात. वजन जास्त असेल तर एक किलो कमी झालं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी उतरतो. गुडघा लाल, गरम होऊन सुजला आणि ताप आला तर मात्र पट्टा-व्यायाम बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

प्रश्न : वडिलांना पेसमेकर आहे. त्यांच्या पाठदुखीसाठी चुंबकाची गादी घ्यायची आहे.
– एक वाचक, नाशिक

उत्तर : घेऊ नका. पेसमेकरमध्ये चुंबक ओळखणारा एक स्विच असतो. चुंबक जवळ आलं की यंत्र हृदयाचे स्वतःचे ठोके न जोखता ठरावीक गतीने चालू लागतं. धोक्याच्या वेळी झटका देणारं यंत्र (आयसीडी) बसवलेलं असेल, तर चुंबक जवळ असेपर्यंत तो झटकाच बंद राहू शकतो. चुंबक लांब गेलं की सहसा सारं पूर्ववत होतं, पण झोपेत कूस बदलणाऱ्याला ते कोण सांगणार? चुंबकाची कोणतीही वस्तू यंत्रापासून किमान १५ सें.मी. दूर हवी. इन्सुलिन पंप किंवा कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकू येण्यासाठी कानात बसवलेलं यंत्र) असलेल्यांनीही ही गादी टाळावी. आणि घरात लहान मूल असेल तर निखळलेल्या चकत्या लगेच उचला. दोन गिळल्या गेल्या तर आतड्याचे पदर मधे चिमटून भोक पडू शकतं.

प्रश्न : फिजिओथेरपिस्टकडचं 'मॅग्नेटिक' यंत्र म्हणजे हेच का?
– एक वाचक, पणजी

उत्तर : नाही. ते विजेवर चालतं. त्याचं क्षेत्र सतत बदलतं, म्हणून ऊतींत सूक्ष्म प्रवाह निर्माण होतो. पट्ट्यातलं स्थिर चुंबक ते करत नाही. न जुळणाऱ्या हाडांसाठी अशा यंत्राला अमेरिकेत १९७९ सालीच मान्यता मिळाली. मात्र तो उपचार रोज काही तास, कित्येक महिने चालतो. गुडघेदुखीवरचे निकाल संमिश्र आहेत. तेव्हा दहा बैठकांचे पैसे एकदम भरू नका. पहिल्या दिवशी वेदना दहापैकी किती ते लिहून ठेवा, चौथ्या बैठकीनंतर पुन्हा लिहा. आकडा हलला नसेल तर तिथेच थांबा, आणि त्यांच्याकडून व्यायाम तेवढे शिकून घ्या.