कॉर्नचा गिटारवादक ब्रायन वेल्च बँड सोडून ख्रिस्ती संगीताकडे का वळला?

थोडक्यात सांगायचं तर मेथ या अमली पदार्थाचं व्यसन आणि लहान मुलगी.

कॉर्न हा अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या बेकर्सफिल्डचा मेटल बँड. 'हेड' या टोपणनावाचा वेल्च सुरुवातीपासून त्यात होता. १९९८ पर्यंत त्यांचा अल्बम अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचला होता. पैसा, दौरे, सगळं होतं, पण माणूस व्यसनाने आतून पोखरला गेला होता. त्याने स्वतःच सांगितलेला प्रसंग आहे: पाच-सहा वर्षांची मुलगी घरात उड्या मारत गाणं म्हणत होती, आणि ते होतं कॉर्नचंच, लैंगिक विषयावरचं. बापाला ते ऐकवेना.

२००५ च्या फेब्रुवारीत त्याने बँड सोडला आणि पुढच्याच महिन्यात जॉर्डन नदीत बाप्तिस्मा घेतला. प्रसिद्धीचा स्टंट म्हणून लोकांनी तेव्हा टिंगल केली. मला तसं वाटत नाही; स्टंटसाठी कोणी भरात असलेला बँड सोडत नाही.

आता 'ख्रिस्ती संगीत' म्हटल्यावर चर्चमधली शांत भजनं डोळ्यांसमोर आणू नका. त्याचा २००८ चा 'सेव्ह मी फ्रॉम मायसेल्फ' हा अल्बम ऐका: तेच खर्जात उतरवलेलं गिटार, तोच आरडाओरडा, फक्त शब्द व्यसनातून सुटकेचे आणि देवाचे.

आणि हो, २०१३ मध्ये तो कॉर्नमध्ये परतलाही. श्रद्धा न सोडता. काही कट्टर मंडळींना हे रुचलं नाही, पण त्याचं मन तिथेच रमतं, त्याला काय करणार?