‘काय राव’ मधला राव

विदर्भातून बदली होऊन सांगलीला आलेल्या एका वाचकानं विचारलंय: ‘इथं उठता-बसता ‘काय राव’, ‘चला की राव’ ऐकू येतं. हा मान आहे की सलगी? आणि वरिष्ठांना म्हटलं तर चालेल का?’

नावाला जोडून येणारा राव आणि वाक्यात सुटा येणारा राव यांचं मूळ एकच. पण आज ते दोन वेगळे शब्द झालेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

मूळ शब्द ‘राजा’. लावणीतला ‘राया’ही त्याच घरातला. ‘गाव करी ते राव न करी’ या म्हणीत राव म्हणजे राजाच. पसायदानातला ‘विश्वेशरावो’ आपण शाळेपासून म्हणत आलोय. ज्ञानेश्वरी शके 1212 ची, म्हणजे नावाला राव जोडण्याची रीत सातशे वर्षांहून जुनी. बाजीरावाला 1720 मध्ये पेशवाईची वस्त्रं मिळाली ती आमच्या कराडजवळच्या मसूरला, आणि ‘लय मोठा बाजीराव लागून गेलास व्हय?’ हे त्याच मुलखात आजही ऐकायला मिळतं.

जोडलेला राव माणसाला वयानं मिळतो, लग्नानं मिळतो. कालपर्यंतचा संज्या सासरवाडीचा उंबरा ओलांडला की ‘संजयराव’ होतो आणि ‘आला’चं ‘आले’ होतं. उखाण्यात तर रावाशिवाय नवऱ्याचं नाव येतच नाही. पण या रावात थोडं अंतर असतं. जिथं माया जास्त, तिथं आमच्याकडचे लोक नात्याचा शब्द घेतात. वसंतराव बंडूजी पाटलांना सांगलीनं वसंतदादा केलं. कर्मवीर भाऊरावांना रयतची पोरं अण्णा म्हणाली. देवराष्ट्रे गावात जन्मलेल्या यशवंतराव चव्हाणांच्या नावातला राव मात्र कुणी काढला नाही.

सुट्या रावाचं नेमकं उलटं. तो अंतर मिटवतो. एसटी स्टँडवरून गाडी हलली की मागनं आवाज येतो, ‘ओ, थांबवा की राव जरा, म्हातारं माणूस हाय!’ इथं कंडक्टरचा मान ‘थांबवा’ या रूपात आहे, रावात नाही. मित्र असता तर ‘थांबव की राव’ झालं असतं. क्रियापद बदललं, राव तसाच राहिला. ‘की राव’ म्हटलं की आर्जव होतं. ‘काय राव’ ही तक्रार, पण आपल्या माणसाकडं केलेली. ‘लय भारी राव!’ म्हणायला तर समोर कुणी नसलं तरी चालतं.

म्हणूनच ‘राव, इकडं या’ अशी हाक सहसा कुणी मारत नाही. हाकेला गड्या, मर्दा, भावा, पाव्हणं आहेत. ते शब्द पुरुषाला चिकटून राहिले, राव राहिला नाही. कॉलेजातल्या पोरी एकमेकींना सर्रास म्हणतात, ‘काय राव तू, सांगितलं पण नाहीस!’ काहींना यात भाषा बिघडल्यासारखी वाटते. मला मुळीच पटत नाही. ‘नको बाबा’ आपण आईलाही म्हणतो, तेव्हा कुणाला खटकत नाही. संबोधन झिजून अव्यय झालं की त्याला लिंगही उरत नाही, वचनही. मराठीत ही वाट जुनी आहे.

आता साहेबांचं. बरोबर चहा पिणाऱ्या सहकाऱ्याला खुशाल ‘राव’ म्हणा. वरिष्ठांना आणि वडीलधाऱ्यांना नको, पहिल्या भेटीत तर कुणालाच नको. शब्द वाईट नाही, पण तो बरोबरी गृहीत धरतो. उलट साहेबच तुम्हाला ‘काय राव, दोन दिवस कुठं होता?’ म्हणाले तर मनाला लावून घेऊ नका. त्यांनी तुम्हाला आपल्यात धरलंय.

लिहिताना एवढंच सांभाळा: नावातला राव जोडून, ‘काय राव’ मधला सुटा.