टोप्या कोणाकडे आहेत, ते आधी सांगा

इंदूरहून एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांचं चार पानी पत्र आलंय. त्यातलं कामाचं एवढंच: त्यांच्याकडे .32 चं पिस्तूल आहे, परवाना 2027 पर्यंत चालू आहे. कारखान्याच्या काडतुसांनी निशाण्यावर छिद्रं पांगतात, म्हणून त्यांनी घरीच काडतुसं भरायचं मनावर घेतलं. भाच्याने अमेरिकेहून हातप्रेस (काडतूस भरायचं हातयंत्र) आणि गोळ्यांचा साचा आणून दिला. गॅरेजमधून चाकांच्या बॅलन्सिंगचं शिसं आणून काकांनी गॅलरीत शेगडीवर वितळवलं आणि साठेक गोळ्या ओतल्या. नेमबाजीच्या रेंजवरून गोळा केलेल्या रिकाम्या पुंगळ्यांशेजारी, म्हणजे उडवलेल्या काडतुसांच्या नळकांड्यांशेजारी, त्या मांडून मित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकला. फोटो फिरत फिरत पोलीस ठाण्यात पोचला. मे महिन्यात पोलीस आले, गोळ्या-पुंगळ्यांचा डबा आणि पिस्तूल घेऊन गेले, हातात नोटीस देऊन गेले. काका विचारतात, "परवाना असताना गुन्हा कसा?"

काका, या चालीचा प्रश्न मला दर महिन्याला येतो. कोणाच्या कपाटात वारलेल्या वडिलांची काडतुसं निघतात, कोणाच्या बॅगेत विमानतळावर एक राउंड सापडतो, आणि प्रत्येकाचं पहिलं वाक्य हेच असतं. तुमचा परवाना शस्त्र कायद्याच्या कलम 3 चा आहे, म्हणजे बाळगण्याचा. घडवण्याचा परवाना कलम 5 खाली वेगळा लागतो आणि तो तुमच्याकडे नाही. अमेरिकेत स्वतःपुरतं काडतूस भरायला केंद्रीय कायद्याचा परवाना लागत नाही, हे खरं आहे. पण तुम्ही राहता इंदूरला.

चार पानांपैकी अडीच पानं तुम्ही ओतीव गोळीवर लिहिलीत. गोळी नळीच्या आतल्या व्यासापेक्षा किंचित जाड का हवी, शिसं मऊ राहिलं तर नळीत कसं माखतं, गोळी पुंगळीत किती खोल बसवली म्हणजे सेमी-ऑटोमॅटिकमध्ये अडकत नाही. वाचायला मजा आली. पण हीच पानं उद्या सरकारी वकिलाच्या हाती पडली, तर "आरोपीस काडतूस निर्मितीचे सखोल ज्ञान आहे" असं एक वाक्य तयार होईल. ती कोणालाही पाठवू नका.

जिथे थांबायला हवं होतं, तिथे मात्र तुम्ही एका ओळीत पुढे निघून गेलात. फोटोखाली तुमच्या मित्राने लिहिलं, "टोप्या अन् दारूचं माझ्यावर सोडा, शनिवारी बसू." टोप्या म्हणजे काडतुसाच्या बुडातल्या ठिणगी देणाऱ्या टिकल्या, आणि दारू ती काडतुसात भरायची. तुम्ही त्या मेसेजवर होकाराचा अंगठा टाकलात. मला लिहिताना म्हणता, "तो थट्टेत बोलला." सगळं प्रकरण त्या थट्टेवर उभं आहे.

कसं ते सांगते. शस्त्र कायद्यात 'दारूगोळा' म्हणजे नुसतं भरलेलं काडतूस नव्हे. व्याख्येत काडतुसाचे सुटे भाग येतात आणि ते तयार करण्याची यंत्रंही येतात. म्हणून तुमच्या पुंगळ्या आणि शिशाच्या गोळ्या कागदोपत्री दारूगोळाच. यातून बाहेर काढणारं एकच दार आहे, कलम 45(डी). किरकोळ सुटे भाग बाळगले आणि ते पूरक भागांबरोबर वापरायचा हेतू नसला, तर कायदा लागू होत नाही. आता पुढचे शब्द नीट वाचा: पूरक भाग "त्या व्यक्तीने किंवा अन्य कोणत्याही व्यक्तीने" मिळवलेले किंवा बाळगलेले. तुमच्या डब्यात टोप्या नव्हत्या, दारू नव्हती, भरलेलं एकही काडतूस नव्हतं. जप्ती पत्रकात तसंच लिहिलं असेल तर उत्तम. पण मित्राच्या घरी टोप्यांची एक पुडी निघाली, की "अन्य कोणत्याही व्यक्तीने" हे शब्द तुमच्या अंगावर येतात आणि ते दार बंद होतं. त्याच्याकडे खरोखर काहीच नसेल, तर त्याची ती ओळ फुशारकी ठरते आणि तुम्हाला उभं राहायला जागा मिळते.

म्हणून पहिला प्रश्न टोप्या कोणाकडे आहेत हा. तो तुम्ही मित्राला फोन करून विचारायचा नाही. दोघांनी बसून जबाब जुळवलेत तर तो नवा गुन्हा ठरू शकतो आणि जामीनही अवघड होईल. त्याने वेगळा वकील करावा, वकील आपसात बोलतील.

नोटिशीत कलम 25(1-बी)(ए) लावलंय. हे विनापरवाना बाळगण्याचं कलम आहे, 2019 च्या दुरुस्तीनंतर दोन ते पाच वर्षं. 'बनवणे' सिद्ध होतंय असं त्यांना वाटलं, तर 25(1)(ए) येतं, किमान सात वर्षं आणि वर जन्मठेपेपर्यंत. आणखी एक फरक आहे. कलम 3 च्या गुन्ह्यात खटला भरायला कलम 39 खाली जिल्हा दंडाधिकाऱ्यांची मंजुरी लागते. जप्त माल समोर न पाहताच मंजुरीवर सही झाली असेल, तर तिथे बचावाला धागा मिळू शकतो. कलम 5 ला ही मंजुरी लागत नाही. आणि मध्य प्रदेशातल्या खरगोन-बडवानी पट्ट्यातली देशी पिस्तुलं पकडण्यात ज्या पोलिसांची सारी नोकरी खर्ची पडली, ते साचा बघून छंद म्हणतील अशी आशा नको. एका जुन्या प्रकरणात मी मालखान्यात, म्हणजे जप्त माल ठेवायच्या खोलीत, असाच साचा पाहिलाय, तळहाताएवढा, लाकडी मुठीचा. त्याला सुतळीने बांधलेल्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, "कारतूस बनाने की फैक्ट्री, एक नग." ते प्रकरण आठ वर्षं साक्षीवर अडकलंय. पंच म्हणून सही केलेला चहावाला दोनदा घर बदलून बसलाय आणि तारीख पडते ती समन्स परत आल्याचं ऐकण्यापुरती.

आता तुमचा पराक्रम. नोटीस बीएनएसएसच्या (भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या) कलम 35(3) ची होती, हजर राहायची तारीख 11 जून. तुम्ही नातवाच्या मुंजीला पुण्याला गेलात. मुंज महत्त्वाचीच, पण दोन ओळींचा अर्ज ठाण्यात देऊन जाता आलं असतं. नोटीस पाळणाऱ्याला सहसा अटक करत नाहीत, न पाळणाऱ्याला करता येते. पाच आठवडे तुम्ही पोलिसांच्या हातात कारण ठेवून बसला आहात. उद्याच्या उद्या वकिलाकरवी लेखी उत्तर द्या, रेल्वेच्या तिकिटाची प्रत जोडा, नवी तारीख मागा आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय ठाण्यातून हलू नका. अटकपूर्व जामीन मागायचा की नाही, हे एफआयआर पाहिल्यावर ठरेल.

ठाण्यात खोटं बोला असं मी कधीच सांगणार नाही. पण स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती राज्यघटनेच्या कलम 20(3) प्रमाणे कोणावर नाही. पोलिसांपुढचा कबुलीजबाब सहसा तुमच्याविरुद्ध सिद्ध करता येत नाही. ग्रुपवरचा मेसेज योग्य प्रमाणपत्रासह पुराव्यात येऊ शकतो. तेव्हा तो ग्रुप सोडू नका, काही डिलीट करू नका आणि तिथे एक अक्षरही लिहू नका.

प्रेसचं दुखणं वेगळं. ते 'सुटा भाग' नाही, यंत्र आहे, त्यामुळे 45(डी) त्याला पुरेल असं मी लिहून देणार नाही. वाद घालता येईल, एवढंच. भाच्याने ते कशा कागदांवर आणलं, हेही पाहावं लागेल. 1972 च्या गुणवंतलाल विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या निकालाचं कात्रण जोडलंत. तो निकाल म्हणतो, ताबा जाणीवपूर्वक हवा. काका, तुम्ही तर फोटो काढलात.

शेवटच्या पानावर विचारता, पोलिसांच्या नजरेतून सुटलेला पुंगळ्यांचा एक डबा आणि उरलेलं शिसं कान्ह नदीत टाकू का. अजिबात नाही. तो पुरावा नष्ट करण्याचा गुन्हा होईल, आणि त्यात तुमचा बचाव 45(डी) वर चालणार नाही. डबा आहे तिथेच राहू द्या, वकिलासमोर पुंगळ्या मोजा आणि यादीसह जमा करा.

येताना नोटीस, जप्ती पत्रकाची प्रत, परवान्याचं पुस्तक आणि मोबाइल आणा. झडतीचं चित्रीकरण झालं होतं का, कोण कोण हजर होतं, हे आठवून कागदावर लिहून ठेवा. मित्राला सोबत आणू नका.