बाइंड की अनबाउंड हे नंतर, आधी दोन कामं वेगळी करा

संस्थेचा स्वतःचा डीएनएस सर्व्हर (वेबसाइटच्या नावावरून तिचा आयपी पत्ता सांगणारा) उभारायचा आहे, त्यासाठी सॉफ्टवेअर बाइंड घ्यावं, अनबाउंड की पॉवरडीएनएस, आणि एकाच मशीनवर सगळं बसेल का, असं तुम्ही विचारलंय. बसेल, पण बसवू नका.

आपल्या डोमेनची अधिकृत उत्तरं जगाला देणं हे एक काम. आपल्या ऑफिसातल्या संगणकांसाठी जगभरची उत्तरं शोधून आणणं, म्हणजे रिझॉल्व्हर, हे दुसरं. पहिला सर्व्हर सगळ्यांना खुला असावाच लागतो, दुसरा फक्त आपल्या नेटवर्कपुरता. बाइंड दोन्ही कामं करतो, म्हणून लोक दोन्ही त्याच्यावरच टाकतात आणि कधीतरी घाईत रिकर्शन, म्हणजे हे शोधून आणण्याचं काम, सगळ्या जगाला उघडून बसतात. मग कुणीतरी दुसऱ्याच्या खोट्या पत्त्यावरून छोटे छोटे प्रश्न पाठवतो, तुमचा सर्व्हर मोठमोठी उत्तरं त्या बिचाऱ्यावर ओतत राहतो, आणि तक्रार तुमच्या नावाने येते.

माझी निवड: अधिकृत बाजूला एनएसडी, रिझॉल्व्हर म्हणून अनबाउंड. दोन्ही नेदरलँड्समधल्या एनएलनेट लॅब्सचे. नोंदी डेटाबेसमधून बदलायच्या असतील तर अधिकृत बाजूला पॉवरडीएनएस घ्या. जमलं तर दुसरा नेमसर्व्हर वेगळ्या सॉफ्टवेअरवर ठेवा, चेक प्रजासत्ताकातल्या सीझेड.निकचा नॉट उत्तम आहे. हा काही हौशी विचार नाही. एका प्रोग्रॅममधल्या एका बगमुळे सगळेच रूट सर्व्हर (डीएनएसच्या मुळाशी असलेले सर्व्हर) एकदम आडवे होऊ नयेत, म्हणून त्यांतला के-रूट 2003 मध्येच एनएसडीवर गेला.

पण वेगळं सॉफ्टवेअर घेतलं म्हणून निर्धास्त राहता येत नाही. फेब्रुवारी 2024 मधलं कीट्रॅप प्रकरण नीट समजून घ्या. डीएनएसेकमध्ये, म्हणजे डीएनएसच्या उत्तरांवर डिजिटल सही करण्याच्या पद्धतीत, प्रत्येक सहीसोबत ती कोणत्या चावीने केली ते सांगणारा 16 बिटांचा टॅग असतो. इतक्या छोट्या टॅगमुळे दोन वेगळ्या चाव्यांचा टॅग सारखा येऊ शकतो, आणि तसं झालं तर रिझॉल्व्हरने सगळ्या चाव्या लावून पाहाव्यात, असं मानकच सांगत होतं. जर्मनीतल्या संशोधकांनी दाखवलं की मुद्दाम एकाच टॅगच्या भरपूर चाव्या आणि भरपूर सह्या असलेला झोन (डोमेनच्या नोंदींचा संच) बनवला, तर एका उत्तराची पडताळणी करता करता प्रोसेसर अडकून पडतो. बाइंड तर जास्तीत जास्त 16 तास अडकू शकत होता. दोष मानकातच, त्यामुळे अनबाउंड, पॉवरडीएनएसचा रिकर्सर, नॉटचा रिझॉल्व्हर, सगळेच सापडले. या सगळ्यांनी आपसात ठरवून 13 फेब्रुवारीला एकदम दुरुस्त्या बाहेर काढल्या, पडताळणीच्या प्रयत्नांवर मर्यादा घातली. एकमेकांना पर्याय असलेल्या प्रकल्पांचे लोक गाजावाजा न करता असे एकत्र बसतात, याचं मला फार अप्रूप आहे. म्हणून डीएनएसेक बंद करू नका, सिक्युरिटी अपडेट वेळेवर टाका. डेबियन स्टेबलमध्ये (लिनक्सची एक स्थिर आवृत्ती) सॉफ्टवेअरच्या आवृत्तीचा आकडा जुना दिसला तरी दुरुस्ती मागे आणून लावलेली असते, चेंजलॉग बघा.

रोजच्या चालवण्यात घोळ होतात ते साधेच. झोन फाइलमध्ये पूर्ण नावाच्या शेवटचा टिंब राहिला की त्याला डोमेन पुन्हा चिकटतं. सीरियल, म्हणजे झोन फाइलच्या बदलाचा क्रमांक, वाढवला नाही की दुय्यम सर्व्हर जुनीच माहिती देत राहतो. रीलोडआधी नेम्ड-चेकझोन (बाइंडसोबत येणारं, झोन फाइल तपासायचं साधन) चालवायची सवय लावा, पण न वाढवलेला सीरियल त्यात पकडला जात नाही, तो स्वतःच बघायचा. फायरवॉलमध्ये डीएनएसच्या 53 नंबरच्या पोर्टवर यूडीपीसोबत टीसीपीही उघडा. यूडीपी उत्तराची मर्यादा 1232 बाइट ठेवली की पॅकेट तुटत नाही: आयपीव्ही6 च्या प्रत्येक मार्गावरून किमान 1280 बाइटचं पॅकेट जातंच, त्यातून हेडरचे 48 वजा. त्याहून मोठं उत्तर टीसीपीवर येतं, आणि तिथेच बंद पोर्ट नडतो.

कोडमध्ये हातभार लावायचा आहे म्हणालात, त्याची सुरुवात बग नोंदवण्यापासून करा. टीसीपीडंपची (नेटवर्कवरची पॅकेट टिपणारं साधन) फाइल, कॉन्फिग आणि नेमकी आवृत्ती जोडलीत तर डेव्हलपर लगेच कामाला लागतात. तुमच्याकडे झोन किती आहेत आणि रिझॉल्व्हर किती जण वापरणार आहेत ते कळवा, मग अनबाउंडची कॅशे किती ठेवायची ते बघू.