बासष्ट शून्य पाच

कुपवाडच्या एका वाचकांचा प्रश्न असा: "मोनोब्लॉक (मोटर आणि पंप एकाच शाफ्टवर असलेल्या) पंपाचं बेरिंग आणायला मिरजेत गेलो. जुन्यावर ६२०५ झेडझेड सी३ असं होतं. मी 'सहा हजार दोनशे पाच' म्हणालो, तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, 'बासष्ट शून्य पाच होय?' आकडा तोच, मग वाचन वेगळं का? आणि पुढची अक्षरं कसली?"

मुलाचं बरोबर आहे. ६२०५ ही संख्या नाहीच, तो सामासिक शब्द आहे, आणि त्याने तो विग्रह करून उच्चारला. हजार-शेकडा लावले की जोड भलत्याच ठिकाणी तुटतात.

शेवटचे दोन आकडे म्हणजे आतल्या भोकाचं माप. ०५ ला पाचाने गुणा, २५ मिलिमीटर. शाफ्ट २५ चा असेल तर शेवटी ०५ च येणार. हा गुणाकार ०४ पासून पुढे चालतो. त्याआधीची चार रूपं अनियमित क्रियापदांसारखी पाठच करावी लागतात: ०० म्हणजे १०, ०१ म्हणजे १२, ०२ म्हणजे १५, ०३ म्हणजे १७.

पहिला ६ बेरिंगची जात सांगतो: एका रांगेत छर्रे असलेलं, खोल खाचेचं साधं बॉल बेरिंग. ३ ने सुरू झालं तर सहसा टेपर रोलर, ५ ने सहसा थ्रस्ट, ७ ने अँग्युलर. मधला २ अंगापिंडाचा. ६००५, ६२०५ आणि ६३०५ तिन्ही २५ च्याच शाफ्टवर बसतात, पण बाहेरचा व्यास अनुक्रमे ४७, ५२ आणि ६२, आणि रुंदी १२, १५, १७. म्हणूनच दुकानात 'बासष्ट सिरीज', 'त्रेसष्ट सिरीज' असं बोलतात.

'शून्य' मात्र गिळू नका. 'बासष्ट पाच' म्हणजे ६२५, आणि ते खरोखरचं वेगळं बेरिंग आहे: भोक पाच मिलिमीटर, बाहेरून सोळा. तीन आकडी छोट्या बेरिंगांत शेवटचा आकडा थेट मिलिमीटर असतो, गुणायचं नसतं. ६०८ चं भोक आठच. पंपाचं गिऱ्हाईक समोर दिसतं म्हणून दुकानदार सांभाळून घेतो, फोनवर घोटाळा होऊ शकतो.

मला सगळ्यात गंमत वाटते ती लोपाची. पूर्ण मांडणीत जातीनंतर दोन आकडे हवेत, आधी रुंदीचा, मग बाहेरच्या व्यासाचा. ६२०५ मध्ये रुंदीचा आकडा शून्य आहे आणि तो लिहीतच नाहीत. टेपरच्या ३०२०५ मध्ये तोच शून्य ठळक उभा. आणि ६२२०५ दिसलं तर ते 'बासष्ट' घराण्यातलं समजून फसाल. फोड ६, २२, ०५ अशी आहे: भोक २५, बाहेर ५२ च, पण रुंदी १५ ऐवजी १८. जागा १५ चीच असेल तर ते बसणार नाही. थोडक्यात, कानाला 'बासष्ट' लागलं तरी पुढे किती आकडे आहेत ते ऐकून घ्यावं.

आता प्रत्यय. झेडझेड म्हणजे दोन्ही बाजूंना पत्र्याची झाकणं. काही कंपन्या त्यालाच २झेड लिहितात. रबरी सील असेल तर २आरएस, एनएसकेच्या मालावर डीडीयू, एनटीएनच्या मालावर एलएलयू. सी३ म्हणजे छर्रे आणि कड्या यांच्यातली फट नेहमीपेक्षा जास्त. चालू मोटरमध्ये आतली कडी बाहेरच्या कडीपेक्षा जास्त तापून फुगते आणि ही फट कमी होते, म्हणून आधीच सैल घेतात. नेहमीच्या फटीसाठी सहसा काहीच लिहीत नाहीत, तिथेही लोपच! तेव्हा दुकानात 'सी थ्री' म्हणायला विसरलात तर साधं बेरिंग हाती पडेल, मापाला तंतोतंत बसेलही, पण गरम मोटरमध्ये आवळेल.

जाता जाता, 'बेरिंग गेलं' आणि 'बेरिंग गेली' दोन्ही ऐकू येतं. मी नपुंसकलिंगी लिहितो, पण मिस्त्रीशी वाद घालत नाही.

नंबर झिजून गेला असेल तर व्हर्नियरने भोक, बाहेरचा व्यास, रुंदी मोजा. २५, ५२, १५ आलं आणि आत एका रांगेत छर्रे दिसले, तर ६२०५ मागायला हरकत नाही. सी३ मात्र व्हर्नियरला सापडत नाही. मोटरच्या पाटीवर किंवा सोबतच्या पुस्तिकेत बेरिंगचा नंबर पुष्कळदा दिलेला असतो, तो प्रत्ययासकट टिपून न्या.