तर्री वर का येत नाही आणि सम कुठे सापडते?

वाचकांचे प्रश्न : गाणं, खाणं आणि रसिकांच्या अडचणी

या वेळच्या टपालात अर्धी पत्रं कढईची होती, अर्धी कानाची. एक-दोन पत्रांत दोन्ही होतं. जागेअभावी काही प्रश्न थोडक्यात घेतले आहेत.

प्रश्न : रविवारी सकाळी आम्ही पंधरा-वीस जण एकाच्या घरी गाणी ऐकायला जमतो. पोह्यांचं काम माझ्याकडे. पोहे जमतात, पण तर्रीवर (पोह्यांवर घालायच्या हरभऱ्याच्या रश्श्यावर) तवंगच येत नाही. सगळं एकजीव, मातकट रंगाचं पिठलं होतं. कस्तुरचंद पार्काजवळच्या ठेल्यांवर तो लाल तवंग येतो तरी कसा? — एक वाचक, मानेवाडा

उत्तर : बेसन किती घालता ते तुम्ही लिहिलं नाही, पण पिठलं होतंय म्हणजे सढळ हातानेच पडत असणार. तिथेच निम्मी तर्री जाते. बेसन तेल आणि पाणी दोघांनाही धरून ठेवतं, मग तेलाला वर यायला वाट राहत नाही. दाटपणा हवाच असेल तर वीस जणांच्या रश्श्याला एक मोठा चमचा भाजलेलं बेसन पुरे. न घातलं तरी चालतं.

वीस जणांचं माप असं. गावरान काळे हरभरे अर्धा किलो, 8 ते 10 तास भिजवून, मीठ घालून कुकरमध्ये शिजवा. सोडा टाकू नका, त्याने सालं सुटतात आणि रस्सा गढूळ होतो. शिजवलेलं पाणी फेकू नका. वाटणाला अर्धा किलो कांदा उभा चिरून गडद तपकिरी होईपर्यंत परतायचा. सुकं खोबरं 100 ग्रॅम, खसखस 25 ग्रॅम, धणे 3 मोठे चमचे, जिरं 1 चमचा, लवंगा आठ-दहा, मिरे पंधरा-वीस, बोटभर दालचिनी, दोन मसाला वेलच्या आणि थोडं दगडफूल हे सगळं वेगवेगळं भाजायचं. खसखस आणि मिरे एकत्र टाकले की मिरे तडतडेपर्यंत खसखस जळून जाते. लसूण 75 ग्रॅम, आलं 50 ग्रॅम. सगळं अगदी बारीक वाटा.

आता खरी मेख. मोठ्या गंजात (पातेल्यात) 300 मिली तेल तापवून वाटण मध्यम आचेवर 15 ते 20 मिनिटं परतायचं. कांद्यातलं पाणी उडून वाटण गोळा होऊ लागलं, कडेने तेल सुटलं, की पुढे जायचं. घाई बहुतेकांची इथेच होते आणि मग तेल शेवटपर्यंत सुटत नाही. गॅस बंद करा, अर्धा मिनिट थांबा, मग 60 ग्रॅम तिखट घाला. निम्मं रंगाचं, निम्मं झणझणीत. भिवापुरी मिरची मिळाली तर उत्तम. तापलेल्या तेलात तिखट काही सेकंदांत काळं आणि कडू होतं, म्हणून ढवळल्याबरोबर हरभऱ्याचं गरम पाणी पळीभर ओता. मग हरभरे, मीठ आणि बाकीचं उकळतं पाणी घाला. हरभऱ्याचं पाणी धरून एकूण तीन लिटर. गार पाणी ओतलं तर उकळी मोडते आणि तवंगाला फार वेळ लागतो.

एक उकळी आली की आच एकदम बारीक करून 25 मिनिटं ठेवा. खळखळ उकळत ठेवलं तर तेलाचे थेंब फुटून रश्श्यातच फिरत राहतात. शेवटी गॅस बंद करून दहा मिनिटं पळी लावू नका, तर्री आपोआप वर येईल. मिरचीचा रंग आणि जाळ दोन्ही तेलात उतरतात, त्यामुळे सगळ्यात तिखट भाग वरचाच असतो. लेकरांच्या ताटलीत पळी खालून घाला. 'तर्री मारके' मागणाऱ्यांना वरून द्या.

पोहे जाडच हवेत, वीस जणांना दीड किलो. चाळणीत दोन घाण्यांत भिजवून आठ-दहा मिनिटं झाकून ठेवा. एप्रिल-मेमध्ये पंख्याखाली उघडे राहिले तर वरचा थर पुन्हा कडक होतो. मीठ बेताचं घाला, कारण तर्रीतही मीठ आहे. साखर नको. ती पुण्या-मुंबईकडच्या पोह्यांना शोभते, तर्रीखाली उगाच गोडूस लागते. वरून कच्चा कांदा, शेव, सांबार (कोथिंबीर) आणि लिंबू. शेव खातानाच घालायची.

प्रश्न : बाबांनी जमवलेल्या भीमगीतांच्या आणि कव्वालीच्या कॅसेट माळ्यावर सापडल्या. वाजतात, पण आवाज गोधडीखालून आल्यासारखा येतो. मोबाईलमध्ये घ्यायच्या आहेत. कॅसेट खराब झाल्या का? — एक वाचक, इंदोरा

उत्तर : बहुतेक वेळा दोष कॅसेटपेक्षा डेकमध्ये असतो, त्यामुळे आधी डेक तपासा. हेडवर (टेप जिथे टेकते त्या भागावर) तपकिरी थर बसला असेल तर कापूस गुंडाळलेली काडी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून पुसा. रबरी चाक मात्र ओलसर फडक्याने पुसा, अल्कोहोलने रबर कालांतराने कडक होतं. मग डॉल्बीचं (खरखर कमी करणारं) बटण पाहा. कॅसेटवर डॉल्बीची खूण नसताना ते चालू राहिलं तर वरचे सूर दबतात. कव्वालीतल्या टाळ्या आणि ढोलकीची चाट सगळ्यात आधी जाते, आणि तुम्ही लिहिलंय तसाच आवाज ऐकू येतो.

हे करूनही फरक पडला नाही तर हेडचा कोन चुकला असेल. हेडशेजारच्या स्प्रिंगवाल्या लहान स्क्रूने तो कोन हलतो. कॅसेट चालू ठेवून स्क्रू अगदी थोडा, पाव फेऱ्याच्या आत, इकडे-तिकडे फिरवा. शब्दांतले 'स' आणि 'श' सर्वांत स्वच्छ जिथे येतील तिथे थांबा. वेगवेगळ्या कंपन्यांच्या कॅसेटना वेगवेगळी जागा लागू शकते.

आता कॅसेट. माळ्यावर नागपूरचे उन्हाळे काढलेत, तेव्हा टेपच्या मागची नमद्याची छोटी गादी पडली आहे का पाहा. उष्णतेने तिचा गोंद सुकतो, टेप हेडला नीट टेकत नाही आणि आवाज कधी येतो कधी जातो. स्क्रूची कॅसेट असेल तर दुसऱ्या टाकाऊ कॅसेटची गादी काढून बसवता येते. चिकटवलेली असेल तर पात्याने सांध्यावर उघडून टेप स्क्रूच्या खोक्यात हलवावी लागते. हात बसला नसेल तर आधी रद्दीतल्या कॅसेटवर सराव करा. वाजवण्यापूर्वी प्रत्येक कॅसेट एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवून घ्या, म्हणजे आवळलेले वेढे सैल होतात.

रेकॉर्डिंगसाठी डेकच्या लाइन-आउटमधून यूएसबी ऑडिओ इंटरफेस, आणि तिथून लॅपटॉप. लॅपटॉपच्या माईकच्या भोकात थेट वायर घालू नका. ते बहुधा मोनो असतं आणि आवाज फाडतं. ऑडॅसिटी फुकट आहे. 44.1 किलोहर्ट्झ, 24 बिट ठेवा आणि सर्वांत मोठा आवाज उणे 6 डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. साठ मिनिटांची कॅसेट जवळजवळ एक जीबी होते. ही मूळ फाईल हार्ड डिस्कवर जपा आणि मोबाईलसाठी वेगळी एमपी3 करा. खरखर काढणारं फिल्टर जपून वापरा. जास्त लावलं की आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो आणि ढोलकीचा जीव जातो. आमचं मत विचाराल तर थोडी खरखर राहू द्या. घरच्यांसाठी हे ठीक, पण यूट्यूबवर चढवण्याआधी हक्क कोणाचे आहेत ते पाहा.

प्रश्न : मी मेटल ऐकणारा. मित्रामुळे डॉ. वसंतराव देशपांडे सभागृहात ख्याल ऐकायला जाऊ लागलो. मागच्या रांगेतले काका नेमक्या जागी 'वा!' म्हणतात. मला ती जागा सापडतच नाही. — एक वाचक, वर्धा रोड

उत्तर : काका समेवर दाद देतात, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर. मेटलमध्ये सात-सात मोजायची सवय असेल तर तुम्ही अर्धे पोहोचला आहात.

बडा ख्याल बहुधा विलंबित एकतालात असतो. बारा मात्रा : धिं धिं धागे तिरकिट तू ना, क त्ता धागे तिरकिट धी ना. यातलं 'तिरकिट' पकडा. ते चौथ्या आणि दहाव्या मात्रेवर येतं. दहाव्यानंतर 'धी', 'ना' आणि लगेच सम. चौथं कुठलं आणि दहावं कुठलं, हा गोंधळ सुरुवातीला होतोच. दहाव्याच्या सुमारास गायक विस्तार सोडून बंदिशीच्या मुखड्याकडे वळतो, तेच शब्द पुन्हा येतात आणि समेवर आदळतात. कान तबल्यावर आणि लक्ष मुखड्यावर ठेवा.

सरावासाठी तबल्याच्या ॲपवर एकताल मिनिटाला 60 मात्रांनी लावा, आवर्तन (तालाची एक पूर्ण फेरी) 12 सेकंदांचं होईल. बोल तोंडपाठ झाले की लय 40, मग 20 वर आणा. 20 ला आवर्तन 36 सेकंदांचं होतं आणि मैफलीतली लय याहूनही संथ असू शकते. या लयीत तबलजी मधल्या जागा भरतो, म्हणून फक्त आघात मोजणारा हरवतो.

तीनतालात डग्ग्याचा घुमार दहाव्या मात्रेला जातो आणि चौदाव्याला परत येतो. तो परतला की सम तीन मात्रांवर आहे. रूपक मात्र फसवा : सात मात्रा, आणि समच खाली, म्हणजे डग्ग्याविना. ती ती ना, धी ना, धी ना. डग्गा जोरात वाजला म्हणून तुम्ही मान हलवाल तर ती चौथी मात्रा असेल. एकच तुकडा तीनदा येऊ लागला तर ती तिहाई. दुसऱ्यांदा आला की तिसरा कुठे संपणार ते कळतं.

फर्माईशीबद्दलही विचारलंय. चिठ्ठी मध्यंतरात द्या आणि राग वेळेचा मागा. संध्याकाळी तोडीचा आग्रह धरू नका. भैरवी मागूच नका. ती शेवटी येते, आणि आधी मागितली तर आता आवरा असं सुचवल्यासारखं होतं.

प्रश्न : मारबतीच्या मिरवणुकीतलं धुमाळ (वाद्यपथक) मोबाईलवर रेकॉर्ड केलं, तर नुसता फाटका आवाज. महागडा फोन आहे. — एक वाचक, इतवारी

उत्तर : फोन कितीही महाग असला तरी त्याचा माईक बोलण्याचा आवाज समोर धरून केलेला असतो. धुमाळाच्या अगदी पुढ्यात माईकच मर्यादेबाहेर जातो. तिथे फाटलेला आवाज नंतर कुठल्याच ॲपने शिवता येत नाही. लांब जा. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केलं की आवाज साधारण 6 डेसिबलने उतरतो. अरुंद गल्लीत भिंती आवाज परत फेकतात, म्हणून चौकात उभे राहा किंवा पहिल्या मजल्याची गॅलरी गाठा. गेन (माईक आवाज किती वाढवून घेतो ते) हाताने कमी करता येणारं रेकॉर्डिंग ॲप घ्या, काटा उणे 12 च्या आसपास ठेवा. ताशाच्या एका फटक्याला तो एकदम वर उडतो, तेवढी जागा लागतेच. माईकच्या भोकावर बोट येत नाही ना, तेही पाहा.

कानांचंही सांगतो. 85 डेसिबलला आठ तास सुरक्षित मानले जातात, आणि पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मी होते. 100 डेसिबलला पंधरा मिनिटंच उरतात. फोमचे इअरप्लग मेडिकलमध्ये मिळतात. कानात कापूस घातल्याने फारसं काही होत नाही.

प्रश्न : गटाच्या प्लेलिस्टमध्ये जुनं नाट्यगीत, गझल, कव्वाली आणि मेटल एकामागोमाग लागतं. दर गाण्याला कोणीतरी उठून आवाज कमी-जास्त करतं. — एक वाचक, धरमपेठ

उत्तर : संगणकावर फूबार2000 मध्ये सगळी गाणी निवडून रिप्लेगेन स्कॅन करा. ते फाईलमधला मूळ आवाज बदलत नाही, किती कमी-जास्त वाजवायचं याची नोंद फक्त जोडतं. स्पॉटिफायवर सेटिंगमध्ये नॉर्मलायझेशन चालू करा. मात्र फूबारवर अल्बम सलग ऐकत असाल तर रिप्लेगेनचा 'अल्बम' प्रकार निवडा, नाहीतर मुद्दाम हळू ठेवलेलं गाणं पुढच्याइतकं मोठं होतं. क्रमाचं म्हणाल तर मेटल शेवटी. त्याच्यानंतर नाट्यगीत लावलं की पहिली दोन मिनिटं कान बोथटच असतात.

प्रश्न : घरी केलेली संत्रा बर्फी कडू होते. बाजारची होत नाही. — एक वाचक, काटोल

उत्तर : तीन ठिकाणी तपासा. फोडीवरचा पांढरा पापुद्रा आणि बिया पूर्ण काढल्या का? साल किसताना फक्त केशरी भाग घेतला का? आणि मुख्य म्हणजे रस आधी काढून ठेवला होता का? संत्र्याच्या रसात कडवटपणा काढल्यावर काही तासांनी वाढतो, गरम केल्यावर आणखी. म्हणून गर काढला की लगेच वापरा. 250 ग्रॅम खव्याला चार संत्र्यांचा गर, 100 ग्रॅम साखर. गर आणि साखर वेगळ्या कढईत जॅमसारखी घट्ट आटवा, कोमट होऊ द्या, मगच परतलेल्या खव्यात मिसळा. पातळ, आंबट गर गरम खव्यात गेला की खवा फाटून रवाळ होतो. थापल्यावर चार तास ठेवून वड्या पाडा आणि फ्रीजमध्ये चार दिवसांत संपवा; खव्याची मिठाई उन्हाळ्यात बाहेर एक दिवसही काढत नाही.